जिल्हा वृत्तपत्रातील रंजनविभाग : घडण, भाषा आणि उत्तरदायित्व
(मंगरूळपीर परिसराच्या विशेष संदर्भात)

मराठी वृत्तपत्रांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने अग्रलेख, राजकीय चळवळी आणि संपादकांची चरित्रे या अंगांनी झाला आहे. वृत्तपत्रातील रंजनाचा भाग मात्र अभ्यासकांनी दुय्यम मानला. नाटक-चित्रपटांच्या वार्ता, विनोदी सदरे, धारावाहिक कथा, कोडी, जत्रा-उत्सवांचे वृत्तान्त हा मजकूर वाचला जातो, विसरला जातो आणि रद्दीत जातो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात मराठी गद्याची घडण ज्या ठिकाणी झाली, त्यांत या मजकुराचा वाटा मोठा आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवरील वृत्तपत्राच्या बाबतीत तर या विभागाला आणखी एक महत्त्व प्राप्त होते. तेथील कलावंतांची, बोलीची आणि लोकरंजनाच्या प्रकारांची लिखित नोंद होण्याची ती बहुधा एकमेव जागा असते. ती जागा नीट वापरली गेली नाही, तर नोंद होतच नाही. यशस्वी रंजनविभाग कशाने घडतो, हा प्रश्न म्हणूनच व्यवसायाचा आहे तितकाच वाङ्मयाचाही आहे. प्रस्तुत निबंधात वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर परिसर समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. पूर्वपरंपरा

'रंजन' या संकल्पनेविषयी मराठी नियतकालिकांनी आरंभापासून एक निश्चित भूमिका घेतलेली दिसते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी' आणि 'सुधारक' ही पत्रे जे कार्य गंभीर विवेचनाने करीत होती, ते गोडीगुलाबीने घराघरांत पोहोचविणे हा त्यामागील हेतू होता. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. बालविधवेचे दुःख पुढील अंकाची वाट पाहावयास लावणाऱ्या धारावाहिक रूपात वाचकांपुढे आले, ही घटना अर्थपूर्ण आहे. करमणूक या शब्दाचा अर्थ आपट्यांच्या लेखी वेळ घालविणे असा नव्हता. वाचकाला गुंतवून ठेवून त्याला विचारास प्रवृत्त करणे असा होता. पुढे १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याच मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा रूढ केली. सण आणि वाचन यांची सांगड मराठीत तेव्हापासून पक्की झाली.

दैनिक वृत्तपत्राच्या चौकटीत रंजनाला मानाचे स्थान देण्याचे श्रेय अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्याकडे जाते. नागपूरच्या 'देशसेवक'चे संपादन केलेल्या या पत्रकाराने १९१५ मध्ये मुंबईत 'संदेश' काढला. त्यातील 'वत्सलावहिनींची पत्रे' ही घरगुती बोलण्याच्या वळणाने लिहिलेली होती. गंभीर राजकारण आणि माजघरातील भाषा एकाच पत्रात नांदू शकतात, हे 'संदेश'ने सिद्ध केले. सदराला स्वतःचा आवाज असावा आणि वाचकाने तो आवाज नावाने ओळखावा, हे तंत्र मराठी सदरलेखनात तेव्हापासून रुळले.

तिसरे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचे आहे. नाशिकच्या 'गांवकरी' परिवाराने 'रसरंग' हे चित्रपटविषयक साप्ताहिक चालविले आणि ते महाराष्ट्रभर वाचले गेले. इसाक मुजावर यांच्यासारख्या चित्रपट-समीक्षकाचे लेखन त्याच्याशी निगडित आहे. मुंबई-पुण्याबाहेरचे पत्र रंजनाच्या क्षेत्रात स्वतःचे वजन निर्माण करू शकते, हे या उदाहरणावरून दिसते. तथापि 'रसरंग'चा विषय चित्रपट हा होता आणि चित्रपट सर्वांचा समान विषय आहे. जिल्ह्याचा स्वतःचा असा रंजनव्यवहार पत्रात कसा यावा, या प्रश्नाचे उत्तर त्यातून पूर्णपणे मिळत नाही.

वऱ्हाडाच्या बाबतीत हा प्रश्न जुनाच आहे. मराठी विनोदाचे जनक म्हणून ओळखले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी वकिलीच्या निमित्ताने अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे आयुष्य घालविले. 'सुदाम्याचे पोहे'मधील लेखांचा आरंभ १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त झाला. लेखक वऱ्हाडात राहणारा, प्रकाशन मुंबईचे आणि सुदामा, बंडूनाना, पांडुतात्या यांची भाषा प्रमाण मराठी, अशी ही स्थिती आहे. कोल्हटकरांच्या विनोदाचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. परंतु वऱ्हाडात लिहिल्या गेलेल्या विनोदात वऱ्हाडचा बाजार, जत्रा आणि बोली फारशी का उतरली नाही, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. लेखनाचे ठिकाण आणि प्रकाशनाचे ठिकाण यांतील अंतर हे त्याचे एक कारण मानता येईल.

२. परिसर आणि त्याचा रंजनव्यवहार

मंगरूळपीर हे गावच मिश्र परंपरेचे आहे. मंगरूळ या नावाला जोडलेले 'पीर' हे पद हयात कलंदर यांच्या दर्ग्याची आठवण देते. त्याच गावात बिरबलनाथ महाराजांची यात्राही भरते. प्रशासनाच्या दृष्टीने या भागाची ओळख अनेकदा बदलली. १९०५ पर्यंत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि मंगरूळ हा त्याचा तालुका; त्या वर्षी जिल्हा मोडून हे दोन्ही तालुके अकोल्यात समाविष्ट झाले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत या भागाचे वृत्तपत्रीय केंद्र अकोला हे राहिले. तेथे ब्रिजलाल बियाणी यांनी सुरू केलेले 'मातृभूमि' आणि पुढील काळात 'देशोन्नती' ही पत्रे परिसरातील वाचकांच्या परिचयाची झाली. जिल्हा वेगळा झाल्यावर जिल्ह्याचे म्हणून स्वतंत्र पान आवश्यक ठरले. त्या पानात राजकारण, अपघात, बाजारभाव आणि निवेदने यांना जागा मिळाली. रंजनाचा मजकूर मात्र बहुतांशी मुख्य कार्यालयातून तयार होऊन येत राहिला.

ही विभागणी परिसराच्या वास्तवाशी जुळत नाही. मंगरूळपीर व आसपासच्या तालुक्यांतील रंजनव्यवहार समृद्ध असून तो ऋतुमानाशी बांधलेला आहे. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुलींच्या भुलाबाईची गाणी घरोघर होतात. सोयाबीन, कापूस घरात येऊ लागला की भजनी मंडळे, सप्ताह, भारुडे आणि जत्रा यांचा हंगाम सुरू होतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाजाचा मोठा मेळा भरतो. होळीला तांड्यांतून लेंगी गायली जाते. उरुसात कव्वाली होते. म्हणजे वऱ्हाडी, गोरबोली आणि उर्दू-दखनी अशा तीन भाषाप्रवाहांतून हा व्यवहार चालतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ते प्रधानमंत्र्यांच्या हस्ते झाल्यामुळे सर्वत्र मुखपृष्ठावर आले. परंतु ज्या लेंगीचा वारसा तेथे जपावयाचा आहे, ती गाणाऱ्यांची नावे आणि गाण्यांचे पाठभेद जतन करण्याचे काम एका दिवसाच्या बातमीने होत नाही. त्याला दरवर्षी चालणारा विभाग लागतो.

३. झडती : तयार असलेले सदर

या परिसरातील रंजनप्रकारांपैकी वृत्तपत्राला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे पोळ्याची झडती होय. पोळ्याच्या दिवशी गावातील बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि दोन्ही बाजूंनी झडत्या म्हटल्या जातात. झडती ही यमकबद्ध, ठसकेबाज, म्हणणाऱ्याच्या तोंडी घोळलेली रचना असते आणि तिचा शेवट महादेवाच्या गजरात होतो. तिच्यात देवाचे स्मरण असते, बैलांचे कौतुक असते, आणि त्याबरोबरच कापसाचा भाव, पुढाऱ्याचे आश्वासन, सावकार, सोसायटी, न आलेला पाऊस हेही असते. जुन्या साच्यात दरवर्षी नवा मजकूर भरला जातो. कालचा प्रसंग, ओळखीचा आवाज, थोडक्यात टोला आणि वर्षाच्या ठरलेल्या दिवशी पुनरागमन ही जी सदराची लक्षणे, ती सर्व झडतीत आढळतात.

पोळ्याच्या सुमारास वैदर्भीय वृत्तपत्रे झडत्या छापतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु बहुधा त्या सणाच्या सजावटीसारख्या येतात. कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणी म्हटली याचा उल्लेख अनेकदा नसतो. रंजनविभागाच्या संपादकाने दरवर्षी पाच-दहा गावांतील झडत्या ऐकून, म्हणणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावानिशी आणि गावानिशी छापल्या, तर दहा वर्षांत शेतकऱ्याच्या मनःस्थितीचा एक सलग दस्तऐवज तयार होईल. वाचकाला तो हसवील, गावाला अभिमान देईल आणि उद्याच्या संशोधकाला साधन पुरवील. एकाच मजकुराने ही तिन्ही कामे साधणे, हीच स्थानिक रंजनविभागाच्या यशाची खूण मानावी लागेल.

भुलाबाईच्या गाण्यांबाबतही हेच म्हणता येते. एकाच गाण्याचे पाठ गावागणिक बदलतात. वाचक महिलांकडून हे पाठभेद मागविणे आणि शेजारीशेजारी छापणे, हा साधा उपक्रम आहे. गाणी झाल्यावर झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ मुली खेळतात. हे या भूमीतले कोडेच आहे. शब्दकोडे तयार आयात करणारे पान त्याकडे पाहत नाही. आपल्या आजीकडून ऐकलेले गाणे छापून आले, याचा आनंद वाचक-सहभागाच्या कोणत्याही बक्षीस-योजनेपेक्षा टिकाऊ असतो.

४. विभागाची घडण

उपर्युक्त विवेचनावरून स्थानिक रंजनविभागाचे चार घटक निश्चित करता येतात.

पहिला घटक म्हणजे कार्यक्रमसूची. कोणत्या गावी कोणत्या दिवशी यात्रा, कीर्तन, नाट्यप्रयोग, शंकरपट, कव्वाली वा व्याख्यान आहे, याची अचूक, नियमित सूची हा विभागाचा पाया आहे. तिला वाङ्मयीन मूल्य नाही; विश्वासाचे मूल्य आहे. सूची एकदा चुकली आणि वाचक वीस किलोमीटर जाऊन परत आला, तर त्याच पानावरील उत्तम लेखही तो वाचणार नाही. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ साली पुण्यात 'सकाळ' सुरू केला, तेव्हा सामान्य वाचकाच्या रोजच्या गरजांना वृत्तमूल्य आहे, हे तत्त्व त्यांनी व्यवहारात आणले. कार्यक्रमसूची हे त्या तत्त्वाचेच एक रूप आहे.

दुसरा घटक परीक्षणाचा. महानगरातील परीक्षक आणि कलावंत यांच्यात अंतर असते. तालुक्याच्या गावी परीक्षक ज्याच्या अभिनयाविषयी लिहितो, तो त्याच्या मुलाचा शिक्षक किंवा त्याचा किराणा दुकानदार असतो. परिणामी स्थानिक परीक्षणाचे रूपांतर बहुधा अभिनंदनात होते. उपस्थितांची नावे आणि आभारप्रदर्शन यांपलीकडे वृत्तान्त जात नाही. कठोर टीका हा त्यावरील उपाय नाही. हौशी कलावंताला व्यावसायिकाची मापे लावणे अन्यायाचे होईल. उपाय आहे तो नेमक्या वर्णनाचा. दंडारीचा प्रयोग पाहणाऱ्याने कथाभाग कोणता होता, वाद्ये कोणती होती, स्त्रीभूमिका कोणी केल्या, सोंग कोणत्या प्रसंगी बदलले, प्रेक्षक कोठे हसले, कोठे उठून गेले, हे लिहावे. नेमके वर्णन हेच परीक्षणाचे काम करते. कलावंत त्यातून शिकतो आणि त्याचा अपमानही होत नाही. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे महत्त्व राष्ट्रीय पातळीवर मान्य होऊन परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पश्चिम विदर्भातील लोकरंगकर्मींना अशी मान्यता मिळावयाची असेल, तर त्यांच्या प्रयोगांची नोंद आधी झालेली असली पाहिजे.

तिसरा घटक ललित लेखनाचा. धारावाहिक कथा, व्यक्तिचित्रे, विनोदी सदर यांसाठी स्थानिक लेखक लागतात. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, कीर्तनकार, ग्रामसेवक, गृहिणी यांच्यातून ते शोधावे लागतात आणि त्यांना मानधन द्यावे लागते. विनामूल्य मजकुराची सवय लागलेल्या पत्राला पुढे चांगला मजकूर मिळत नाही. संपादनाची जबाबदारीही येथे वाढते. नवोदिताचे लेखन जसेच्या तसे छापणे सोपे असते. ते परत देऊन, दोष दाखवून, पुन्हा लिहवून घेणे हे संपादन होय.

चौथा घटक चित्रपट व दूरचित्रवाणीचा. वाचकाला त्यात रस आहे, म्हणून तो वगळता येणार नाही. मात्र तारे-तारकांच्या वार्ता आता वाचकाच्या हातातील मोबाइलवर वृत्तपत्राच्या कित्येक तास आधी पोहोचतात. त्या स्पर्धेत तालुक्याच्या पत्राने उतरण्यात अर्थ नाही. स्थानिक पत्र वेगळे काही देऊ शकते : गावात पूर्वी येणाऱ्या फिरत्या तंबूंच्या आठवणी, बंद पडलेल्या चित्रगृहांचा इतिहास, परिसरातील तरुणांनी मोबाइलवर केलेल्या वऱ्हाडी लघुपटांचा गांभीर्याने घेतलेला परामर्श. हा मजकूर अन्यत्र मिळत नाही. म्हणूनच त्यासाठी पत्र विकत घेतले जाते.

५. भाषेचा प्रश्न

स्थानिक रंजनविभागाची खरी कसोटी भाषेत लागते. वऱ्हाडी बोलीला वृत्तपत्रांत जागा मिळते ती मुख्यतः विनोदी सदरात. रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवरही तीच स्थिती आहे. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमातून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली महाराष्ट्रभर पोहोचविली. हे यश लहान नाही. परंतु वऱ्हाडी ऐकू आली की हसावयाचे असते, हा संकेतही त्याच मार्गाने दृढ होत जातो. बोली बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. वर्गात उत्तर देताना, मुलाखतीत बोलताना मंगरूळपीरच्या विद्यार्थ्याला स्वतःचे बोलणे हास्यास्पद वाटू लागले, तर त्यात रंजनाच्या पानांचाही वाटा आहे, हे मान्य करावे लागेल.

वाङ्मयाने या संकेताला केव्हाच छेद दिला आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत कौतिकचे सारे दुःख वऱ्हाडी बोलीतून व्यक्त होते आणि वाचकाला कोठेही हसू येत नाही. पुरुषोत्तम बोरकर यांच्या 'मेड इन इंडिया'मध्ये बोली विनोदी आहेच. पण त्या विनोदाच्या तळाशी खेड्याच्या पडझडीचे भान आहे. विठ्ठल वाघ यांची कविता बोलीला गेयता आणि गांभीर्य एकत्र देते. म्हणजे बोलीची क्षमता सिद्ध झालेली आहे. उणीव आहे ती वृत्तपत्रीय वापराची. रंजनविभागाने विनोदी सदराबरोबरच वऱ्हाडीतून व्यक्तिचित्र, आठवण, मुलाखत, प्रसंगी मृत्युलेखही छापावा. मुलाखत देणाऱ्या भजनी बुवांचे बोलणे प्रमाण मराठीत 'सुधारून' घेण्याची प्रथा सोडावी. हाच न्याय गोरबोली आणि दखनीला लावावा लागेल : लेंगीचा किंवा कव्वालीचा उल्लेख करताना मूळ शब्द देवनागरीत द्यावेत, अर्थ मराठीत द्यावा आणि तो जाणकाराकडून तपासून घ्यावा. तीन भाषांचे वाचक एका पानावर स्वतःला पाहू लागतील, तर ते पान गावाचे होईल.

६. जाहिरात आणि विश्वास

रंजनविभाग जाहिरातींवर चालतो, हे वास्तव नाकारण्याचे कारण नाही. अडचण निर्माण होते ती जाहिरात लेखाच्या वेषात आली म्हणजे. तालुक्याच्या वार्ताहराकडे बातमी आणि जाहिरात या दोन्हींची जबाबदारी अनेकदा असते. ज्या मंडळाने जाहिरात दिली त्याच्या कार्यक्रमाला अर्धे पान आणि ज्याने दिली नाही त्याच्या उत्तम प्रयोगाला दोन ओळी, असे घडू लागले की वाचकाच्या ते लगेच ध्यानात येते. लहान गावात काहीच लपत नाही. म्हणून जाहिरात स्पष्टपणे 'जाहिरात' म्हणून छापणे आणि रंजनविभागाच्या लेखकावर वसुलीचे काम न सोपविणे, हे दोन नियम नैतिक आहेत तसेच व्यावहारिकही आहेत. ज्या पानावर विश्वास आहे, त्या पानावरील जाहिरातही वाचली जाते.

७. उपसंहार

'करमणूक'पासून 'रसरंग'पर्यंतच्या परंपरेतून आणि मंगरूळपीर परिसराच्या पाहणीतून जे निष्कर्ष निघतात, ते थोडक्यात असे : रंजनविभाग परिसराच्या वार्षिक कालचक्राला धरून असावा, त्यातील सदरांना स्थानिक रचनाप्रकारांचा आधार असावा, परीक्षण नेमक्या वर्णनाचे असावे, बोली केवळ हास्यासाठी वापरली जाऊ नये, आणि जाहिरात व मजकूर यांतील रेषा वाचकाला दिसावी. खपाचा विचार यांपैकी एकाही अटीच्या विरोधात जात नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि महाविद्यालयीन अध्यापकांना येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. एखाद्या जिल्हा पत्राच्या एका वर्षाच्या अंकांतील रंजनविषयक मजकुराची वर्गवारी करून त्यात परिसरातील मजकूर किती आणि बाहेरून आलेला किती, हे मोजता येईल. छापील झडत्या आणि प्रत्यक्ष म्हटलेल्या झडत्या यांची तुलना करता येईल. बोलीतील सदरांमध्ये कोणते विषय येतात आणि कोणते वगळले जातात, हे तपासता येईल. जुन्या साप्ताहिकांचे अंक ग्रंथालयांत आणि खाजगी घरांत पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी हे काम हाती घेतले पाहिजे. ज्यांच्या तोंडी झडत्या, लेंगी आणि भुलाबाईची गाणी आहेत, त्या पिढीचे वय झाले आहे. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली उभे राहून ऐकणारा आणि लिहून घेणारा कोणी असेल, तर या विषयाच्या अभ्यासाला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली असे म्हणता येईल.